अजून जरा धार

आमच्याकडे पिकअप घ्यायला रिकाम्या हाताने कोणी आला, की मी त्याला आधी हाकलून देते. गिटार आणलीस का? अँप आणलास का? नाही? मग जा बाबा, दोन्ही घेऊन ये. मेले मोबाइलवर फोटो दाखवतात. फोटोतून लाकूड वाजतं होय? जड लाकडाची गिटार आणि काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप असेल, तर त्याला कॉइल वेगळं. हलकी गिटार थेट भोंग्यांच्या गाड्याला जोडून लग्नाच्या मिरवणुकीत वाजवणार असशील, तर वेगळं. भोंगा मुळातच किंचाळतो. त्याला वर आणखी किंचाळणारं कॉइल दिलं तर नवरदेव मांडवातून पळून जायचा.

पिकअप म्हणजे काही मोठं गौडबंगाल नाही. गिटारच्या तारांखाली चुंबकाचे सहा खुंट असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वेढे जास्त दिले की आवाज भरतो, जाड होतो, पण बोथट. कमी दिले की बारीक आणि धारदार. एवढंच. पण कोणत्या गिटारला, कोणत्या अँपला किती, हे कळायला कान लागतो, आणि आमच्या घरात कान होता थोंगदामला.

थोंगदाम माझा नवरा. नातवंडं झाल्यापासून गाव त्याला फोयाय म्हणतं आणि मला मेयाय, म्हणजे आजोबा आणि आजी. आम्हीही एकमेकांना तेच म्हणतो. नावाने हाक मारली की समजायचं, भांडण पेटलं.

माझा बाप खोन केनच्या रस्त्यावर पाण्याच्या पंपाच्या मोटारी वाइंड करायचा. मी त्याच्याच हाताखाली शिकले. एक दिवस मोलामच्या, म्हणजे आमच्याकडच्या गाण्यानाचण्याच्या फडातला लांब केसांचा गिटारवाला दुकानात आला. हातात मेलेला पिकअप. म्हणाला, "हे वाइंड होईल का?"

मी म्हटलं, "याने पाणी काढायचंय का?"

तो हसला, आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

तेव्हापासून आमची पद्धत एकच. मी वाइंड करायचं, त्याने ऐकायचं. तो माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचा, कोणतं कॉइल लावलंय ते दिसू नये म्हणून. गिऱ्हाइकाची गिटार, गिऱ्हाइकाचाच अँप. चार सूर वाजवायचा आणि मान न वळवता सांगायचा, "नाही." मी दुसरं लावायची. "जवळ आलीस." मग तिसरं. मग कधीतरी, "हां." त्या एका हांशिवाय आमच्या घरातून एकही पिकअप बाहेर गेला नाही. आमच्या अख्ख्या इसान मुलखातले वाजवणारे त्या हांसाठी यायचे, माझ्या वेढ्यांसाठी नव्हे. मला त्याचा कधी राग आला नाही. बरं, आला असेल, पण थोडा.

वर्षावासात भंते विहार सोडत नाहीत आणि मोलामचे फडही घरी बसतात. पावसाचे ते महिने आमच्या धंद्याचे. सगळे वाजवणारे आपापलं सामान घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसतात, माझ्या हातचा भात खातात आणि फोयायची थट्टा करतात. यंदा मात्र पहिलाच माणूस आला तो पिकअप परत द्यायला. कालासिनचा सीथोन. तो फिन वाजवतो, आमच्याकडची तीन तारांची.

"मेयाय, रागावू नका हं," तो म्हणाला. आता असं म्हटल्यावर कोण रागावणार नाही? "गेल्या वर्षी दिलेला हा, फार टोचतो हो. बायको म्हणते दात शिवशिवतात."

"तुझ्या बायकोच्या दातांचं मी काय करू? अँप बदललास का?"

"तोच आहे."

"तार बदललीस?"

"नाही हो. फोयाय हां म्हणाले म्हणून घेऊन गेलो होतो. मला तेव्हाच वाटलं होतं, पण त्यांच्या कानापुढे मी कोण?"

मी त्याला फैलावर घेतलं, पण पिकअप ठेवून घेतला. तो गेल्यावर त्याचे वेढे तपासले. खरंच कमी होते. मीच दिलेले, फोयायने सांगितले तसे. पुढे उदोनहून एक जण आला, रोई एतहून एक जण आला. तक्रार तीच. टोचतो, चावतो, कानात सुई घालतो. मी सगळ्यांना त्यांच्या अँपवरून बोल लावले आणि वाटेला लावलं.

मग एक दिवस दुआंगता स्वतः आली. तिच्याच फडात थोंगदाम उभं आयुष्य वाजवत आला. फडाची मालकीण तीच आणि मुख्य गाणारीही तीच. ती आली तर आधी गालाला गाल लावते, पपईचं सॅलड मागते, मिरची कमी म्हणून नाक मुरडते. त्या दिवशी ती चप्पलही न काढता पायरीवर बसली.

"फोयाय कुठंय?"

"तळ्यावर गेलाय, मासे बघायला. का गं?"

"मेयाय, तुझ्याशीच बोलायचंय. गेल्या हंगामात माझ्या पोरी कानात कापूस घालून नाचल्या. माहीत आहे तुला? लोक मला येऊन सांगतात, आई दुआंगता, तुमची गिटार चावते. त्याच्या गिटारवर लोक रडायचे गं! आता कान झाकतात."

"अँपचा स्पीकर गेला असेल."

"स्पीकर नवा घातला. तो पिकअपच वाईट आहे. वर्षावास संपला की पहिला कार्यक्रम आपल्याच गावच्या विहारात आहे. तिथे नीट वाजलं तर ठीक. नाही तर हंगामभर त्याच्या जागी दुसरा गिटारवाला, चैवत, उभा करते. पिकअप बदल मेयाय, नाही तर मला माणूस बदलावा लागेल." तिचे डोळे भरले होते. तिलाही ते जड जात होतं, हे मला दिसत होतं, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

संध्याकाळी थोंगदामने मासे ठेवले आणि गिटार माझ्यापुढे केली. "पहिल्या कार्यक्रमाला नवीन कॉइल कर. यात जीव नाही. अजून जरा धार हवी."

"आणखी किती धार? दाढी करायचीय का त्याने?"

"तू कर तर."

मी केलं. वेढे कमी केले. तो पाठ करून बसला, वाजवलं, "नाही. अजून जरा." चुंबक कडक घातले. "अजून जरा." आत एक छोटा भाग असतो, वरचा आवाज थोडा गिळणारा. तो मी काढूनच टाकला. माझ्या दातांतून कळ गेली, आणि तो म्हणाला, "जवळ आलीस. पण अजून जरा धार." त्याच्यापुढे कॉइलमध्ये काढायला काही उरलंच नव्हतं. आणखी वेढे काढले असते तर नुसते चुंबक राहिले असते. मी त्याला नावाने हाक मारून चार शब्द सुनावले. त्याने मला सुनावले.

आता माझ्या रातकिड्यांचं सांगते. आमचं घर खांबांवर आहे. खाली खांबांच्या मधे सिमेंटची मोठी कडी ठेवली आहेत, विहिरीत उतरवतात तसली. त्यांत अंड्यांचे कागदी ट्रे उभे करून मी रातकिडे पाळते. वर जाळी, पावसात जाळीवर प्लायवूड. त्यांना भोपळा आणि कोंबड्यांचं खाणं घालायचं काम माझं. वाढले की व्यापारी टेम्पो घेऊन येतो, शहरात तळून विकतात. नर वयात आले की दिवसाढवळ्या असा गोंगाट करतात की शेजारीण कुंपणावरून ओरडते, "मेयाय, तुझी लेकरं आवर!"

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुरते तापले होते. मला माझाच आवाज ऐकू येईना. थोंगदाम खाली बांबूच्या बाजेवर बसून चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवत होता. सहज म्हणाला, "यंदा किडे फार शांत आहेत गं. अजून लहान आहेत का?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो भात चावत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

फोनवर नातीला सारखं "नीट बोल, पुटपुटू नको" म्हणणं, चुलीवरच्या किटलीची शिट्टी वाजवून वाजवून पाणी आटून जाणं, सीथोनच्या बायकोचे दात, पोरींच्या कानातला कापूस. सगळं एका दमात माझ्या अंगावर आलं. इतकी वर्षं घराएवढ्या उंच स्पीकरांच्या शेजारी उभा राहून वाजवत होता तो. पिकअप बोथट नव्हता, अँपही बरा होता. आम्ही गिटार बघितली, अँप बघितला, लाकूड बघितलं. त्याचा कान बघायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण बाकी सगळं आम्ही त्याच कानाने बघत होतो.

"मेले," मी म्हणाले. "रोग पडला. सगळे गेले."

"अरेरे! एवढे सगळे?" त्याला खरंच वाईट वाटलं. "कष्ट वाया गेले गं तुझे. ती कडी धुवायला हवीत मग."

"मी धुईन. तू हात लावू नको, वास येतो."

आणि खाली ते मेलेले किडे बोंबलत होते, इतके, की हे खोटं मला ओरडून सांगावं लागलं.

हो, बोलले खोटं. परत वेळ आली तर परत बोलेन. खरं सांगून काय करायचं होतं? फडाच्या जुन्या ढोलवाल्याला दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालंय. तो म्हणतो, बोलणं कळतं, पण गाणं पत्रा बडवल्यासारखं लागतं. आता तो बदकं पाळतो. थोंगदामला मी बदकांमागे काठी घेऊन फिरताना बघू शकले नसते. मी ठरवलं, त्याला त्याची धार मिळेल आणि लोकांना त्यांचा थोंगदाम मिळेल.

त्याचं जुनं कॉइल मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. आमच्या लग्नाच्या वर्षी केलेलं. त्याच्या जड लाकडाला आणि त्या व्हॉल्व्हच्या अँपला असं जमलेलं, की सूर आधी पोटात शिरायचा, मग कानात. ते कॉइल आणि ते नवं सुईसारखं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मी एका रुंद झाकणाखाली बसवली. नव्याची वायर त्याच्या पायाशी असलेल्या अँपला. जुन्याची वायर वेगळी, थेट साउंडवाल्याच्या टेबलाकडे, म्हणजे लोकांच्या मोठ्या स्पीकरांकडे. अँपपुढचा माइक काढायचा, अँप लहान आवाजात त्याच्याकडे तोंड करून ठेवायचा. दुआंगताला आणि साउंडवाल्याला मी सगळं सांगितलं. दुआंगता खाली बसली आणि तोंडावर टॉवेल धरून रडली. मग म्हणाली, "मी त्याला चावणारा म्हटलं गं." मी तिला या वेळी पाणी दिलं.

"या दोन वायरी कशाला?" थोंगदामने विचारलं.

"माइकमध्ये ढोल घुसतो म्हणे. साउंडवाल्याचे नवे नखरे."

"हे साउंडवाले!" तो म्हणाला, आणि पाठ करून बसला. चार सूर वाजवले. मान न वळवता तो म्हणाला, "हां!" आणि मग चक्क वळून माझ्याकडे पाहून हसला, पंपाच्या दुकानात हसला होता तसा.

वर्षावास संपला. पहिल्या कार्यक्रमाच्या दुपारी रंगमंचामागे गुरूंची पूजा मांडली. फुलं, मेणबत्त्या, उकडलेलं अंडं, तांदळाची दारू, आणि पुढ्यात सगळी वाद्यं. फडात सगळ्यात मोठा म्हणून पहिला सूर थोंगदामचा. सगळ्यांनी त्याच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला, आशीर्वाद घेतले, दिले. मग रंगमंचावर चढून त्याने सूर लावला.

मोठ्या स्पीकरांतून तो जुना आवाज आला आणि मैदानात चटया अंथरत असलेल्या बायका होत्या तशा थांबल्या. मी साउंडवाल्याच्या टेबलामागे उभी होते. तिथे अँपची सुई पोचत नव्हती. इतक्या वर्षांनी तो तसा वाजत होता, आणि त्याला स्वतःला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो पायाशी वाकून आपल्या त्या अँपकडे कौतुकाने बघत होता. कार्यक्रम रंगला. म्हाताऱ्या येऊन त्याच्या हाताला हात लावून गेल्या. परतताना तो गाडीत सारखा बोलत होता.

"बघितलंस? मी म्हणत होतो ना, धार कमी पडत होती? आता सगळ्या गिऱ्हाइकांना हेच कॉइल द्यायचं. सीथोनला बोलाव आधी."

"बघू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीत मशीनवर बसले होते. मशीनची घरघर चालू होती, म्हणून खालचं पाणी उशिरा ऐकू आलं. नळ सुरू होता. फोयायने बादल्या सरकवल्याचा आवाज आला. माझ्या हातातली तार तुटली.

मी जिन्यावरून धावत उतरले. तो कड्यापाशी उभा होता. प्लायवूड बाजूला, जाळी अर्धी काढलेली, पाण्याचा पाइप खाली पडून त्याच्या पावलांवर वाहत होता. मला मदत करायला आला होता, माझी कंबर दुखते म्हणून. त्याचा हात कड्यात होता. कालचे पांढरे दोरे मनगटावर होते आणि त्या दोऱ्यांवर रातकिडे चढत होते, चांगले लठ्ठ, तुकतुकीत. हजारो होते आत. ते केवढ्याने ओरडत होते ते काय सांगू.

तो त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. "पंख घासतायत," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे गातायत का गं, खामफेंग?"

नावाने हाक मारली, आणि भांडण तर काहीच नव्हतं. मला नाही म्हणता आलं असतं.

"हो."

"मोठ्याने?"

"शेजारीण आत्ता भांडायला येईल इतक्या."

तो वाकला. कान अगदी ट्रेच्या काठाला लावला. एक किडा उडी मारून त्याच्या गालावर बसला. तो तसाच राहिला, खूप वेळ. मग सरळ झाला, गालावरचा किडा चिमटीत धरून आत सोडला.

"काल लोकांनी काय ऐकलं?"

"तुझं जुनं कॉइल. दुसऱ्या वायरीतून."

"आणि माझ्या पायाशी होतं ते?"

"ते फक्त तुझ्यासाठी होतं, फोयाय."

"म्हणजे सगळे एक ऐकत होते आणि मी एकटा दुसरंच." तो ओल्या जमिनीकडे बघत राहिला. "छान वाजलं का गं?"

"तसं कोणी वाजवत नाही," मी म्हणाले. त्याने मान हलवली. जाळी नीट ओढली, कोणाचा पाय अडकू नये म्हणून कडेने बोट फिरवत. नळ बंद केला आणि वर गेला.

मी मागोमाग गेले. तो गिटार घेऊन माझ्या टेबलाशी बसला होता. "ती नवी वायर काप."

"राहू दे ना. कोणाचं काय बिघडतंय? तुला आवडतं ना ते?"

"आवडतं. काप. आणि ज्याला ज्याला माझ्या हांवर पिकअप दिलाय त्या सगळ्यांना बोलाव. चूक त्यांच्या अँपची नव्हती, हे मी सांगेन. तू त्यांना उगीच झापलंस."

मी सोल्डरिंगची काडी तापवली. दोनदा चटका बसला. सुईसारखं ते कॉइल सुटं करून मी टेबलावर ठेवलं आणि जुनं त्याच्या अँपला जोडून दिलं. आता तो नेहमीप्रमाणे पाठ करून बसेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने स्टूल उचललं, फिरवलं आणि माझ्यासमोर तोंड करून बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याने चार सूर वाजवले. खोली भरून गेली. त्याला ते भिंतीपलीकडून कोणीतरी उखळात कांडल्यासारखं लागत असणार. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. गिटारवरचं बटण थोडं फिरवलं, परत वाजवलं, परत माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आणखी थोडं. तेव्हा मला कळलं, तो माझ्या चेहऱ्यावरून सूर लावतोय.

"हां म्हणायचं काम आता तुझं," तो म्हणाला.

मला रडायची सोय राहिली नव्हती. माझं तोंड जरा जरी वाकडं झालं असतं, तर त्याला वाटलं असतं आवाज बिघडला, आणि त्याने ते बटण फिरवलं असतं. म्हणून मी हसले.

"हां," मी म्हणाले.

त्याने बटण तिथेच ठेवलं आणि वाजवायला लागला.